क्लाराच्या रिपोर्टचा हेवा

"ऑटिझम," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.

मी रडत नव्हते. मी त्यांच्या टेबलावरचा फोटो बघत होते. त्यात त्यांच्या दोन मुली कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावर जीभ बाहेर काढून उभ्या होत्या. कुणीतरी म्हटलं असणार, "जीभ काढा," आणि त्यांनी काढली. सांगितलेलं ऐकलं, कळलं, केलं. माझ्या मनात सगळ्यात आधी काही आलं असेल तर ते हेच.

अशा अनुभवांबद्दल लोक लिहितात की पायाखालची जमीन सरकली. माझी जमीन जागेवर होती. मला हेवा वाटला, आणि तो पुढे बराच काळ माझ्याबरोबर राहिला. तुमच्यापैकी कुणी या वाटेवर नव्यानं आलं असेल तर आधीच सांगून ठेवते, असं होतं. सोसायटीच्या बागेत दीड वर्षाचं पोर "आई, बघ ना" म्हणालं तरी अंगाचा तिळपापड होतो. त्याची लाज वाटून घेऊ नका, त्यानं काही फरक पडत नाही.

सान्वी तेव्हा तीन वर्षांची होत आली होती. हाक मारली तर वळायची नाही, पण शेजारच्या कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच कानांवर हात ठेवायची. आम्ही पुण्याजवळ पुनावळ्यात राहतो, हायवेच्या अगदी कडेला. चाकणहून नव्या कोऱ्या गाड्या भरलेले लांबलचक ट्रेलर खालून जातात. ते दिसले की सान्वी गॅलरीच्या गजांना गाल लावून उभी राहायची आणि ट्रेलरच्या सुरात सूर लावून गुणगुणायची. बोलायची मात्र एक शब्द नाही.

डॉक्टरांनी पूर्ण नाव सांगितलं, ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर. म्हणजे मेंदूची घडणच थोडी वेगळी. बोलणं, नजरेला नजर देणं, खेळणं, आवाज सोसणं या सगळ्यात तो वेगळेपणा दिसतो. स्पेक्ट्रम म्हणायचं कारण, कुणात तो थोडा असतो, कुणात फार. "हा ताप नाही, की गोळी दिली आणि उतरला," डॉक्टर म्हणाले. "पण थेरपी लवकर सुरू केली तर मूल खूप काही शिकतं."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या बाळूनं बी चार वर्साला तोंड उघडलं. पोरगी बोलंल की. डाक्टरचं काय ऐकलालीस?"

बाळू म्हणजे माझा नवरा, बालाजी. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. लहानपणी मी त्याला बाळ्याच म्हणायचे, लग्नानंतर "अहो" झालं. ओळख लहानपणची, कारण सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्या लातूरकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. माझं लग्न मी पाळण्यात असतानाच ठरलं होतं म्हणायला हरकत नाही. घरची पोर घरात राहिली, असं सगळे कौतुकानं म्हणाले होते.

आत्याला गप्प बसणं माहीत नाही. लिफ्टमध्ये, दूधवाल्याशी, चुकून लागलेल्या फोनवरसुद्धा तिच्या गप्पा रंगतात. ऑटिझम हा शब्द तिनं आठवड्याभरात गिळला आणि मग गावाकडच्या प्रत्येक फोनवर एक वाक्य जोडायला लागली, "हिच्या म्हायेरकडून आलंय बघा." मी पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत ते ऐकायची. भांडायला तोंड उघडायची आणि मिटायची. कारण मला तरी कुठं माहीत होतं, कुठून आलंय ते?

आणि मला दुसरं मूल हवं होतं. फार हवं होतं. ते कुणाला सांगायची सोय नव्हती. बालाजीला विचारलं की तो म्हणायचा, "आधी हिचं कळू दे." म्हणून मला कळून घ्यायचं होतं.

थेरपीसाठी आम्ही चिंचवडला जायला लागलो. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे हात, पाय, कान, डोळे यांना रोजच्या कामांची सवय लावणं. बटण लावणं, झोपाळ्यावर न घाबरता बसणं, गर्दीचा आवाज सोसणं. मूल आत आणि आपण बाहेरच्या बाकावर. त्या बाकावर मी जेवढी बसले तेवढी माहेरीसुद्धा कधी बसले नसेन.

तिथं क्लारा भेटली. जर्मनीची. नवरा चाकणमधल्याच एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, काही वर्षांसाठी आलेला. तिचा योनास आमच्या सान्वीच्याच वयाचा. तोही बोलायचा नाही, तोही टाचा उचलून चालायचा. मला पहिल्या दिवशी काय वाटलं सांगू? बरं वाटलं. गोऱ्यांच्या घरीही हे होतं तर! म्हणतात ना, घरोघरी मातीच्या चुली. तिची असेल विजेवर चालणारी, पण चूल ती चूलच.

आमचं मोडकंतोडकं इंग्रजी जमायला लागलं. एके दिवशी तिनं मला योनासच्या रिपोर्टबद्दल सांगितलं. त्याची होल एक्झोम सीक्वेन्सिंग नावाची तपासणी झाली होती. शरीर कसं बांधायचं याच्या सूचना आपल्या जीन्समध्ये, म्हणजे जनुकांमध्ये असतात. त्यातला कामाचा भाग अक्षर न् अक्षर वाचून काढायचा, ही ती तपासणी. योनासच्या एका जीनमध्ये एक अक्षर बदललेलं सापडलं. त्या जीनला नाव होतं, त्या बदलाला अर्थ होता. तो डी नोव्हो होता, म्हणजे आईकडूनही नाही आणि वडिलांकडूनही नाही, मुलातच नव्यानं घडलेला. कुणाचाच दोष नाही. तोच बदल असलेल्या मुलांच्या आईवडिलांचा जगभरचा एक गट होता. ते संगणकावर भेटायचे. वर्षातून एक दिवस त्या जीनच्या नावाचे टीशर्ट घालायचे. आमच्या घरात माणसांचे वाढदिवस विसरले जातात आणि हिच्याकडे जीनचा साजरा होत होता!

मग क्लारानं पोटावर हात ठेवला आणि हसून म्हणाली की दुसरं येतंय. डॉक्टरांनी सांगितलंय की पुन्हा तसंच होण्याची शक्यता फारच कमी.

बाळ तिच्या पोटात होतं आणि दुखलं माझ्या पोटात. मी उभ्या उभ्या तिच्या पोटाकडे बघत राहिले. तिला ते कळलं असावं. तिनं बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला बसायला जागा केली. मी बसले नाही. चपलांच्या रॅकजवळ जाऊन उभी राहिले आणि सान्वीचे बूट उगीचच सरळ करत राहिले.

घरी गेल्या गेल्या बालाजीला म्हटलं, "ही टेस्ट करायची. मला तसा रिपोर्ट पाहिजे." एखादीला शेजारणीची पैठणी पाहिजे असते, मला शेजारणीच्या मुलाचा रिपोर्ट पाहिजे होता.

सान्वीचं रक्त घेतलं. ती रडली नाही, नळीत चढणाऱ्या लाल रेषेकडे बघत गुणगुणली. मग वाट बघणं. रिपोर्टची वाट बघताना इंटरनेटवर वाचू नका, असं सगळे सांगतात आणि सगळे वाचतात. मीही वाचलं. तुम्हीही वाचाल.

जेनेटिक्सच्या मॅडमनी बोलावलं तेव्हा आत्याही आली. ती येणारच होती. मॅडम वयानं माझ्याएवढ्याच, शांत. त्यांनी रिपोर्ट आमच्यासमोर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स.

"बदल सापडलाय," त्या म्हणाल्या. "प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून; सान्वीच्या दोन्ही प्रतींत तोच बदल आहे. पण त्याचा अर्थ काय, हे आज मी सांगू शकत नाही. कदाचित कारण असेल. कदाचित काहीच नसेल."

"तो बघून सांगता येत नाही?" मी विचारलं. "क्लाराच्या मुलाचं तर सांगितलं."

त्यांनी फार नीट समजावलं, म्हणून मीही तुम्हाला सांगते. प्रत्येक माणसात अशी हजारो अक्षरं इकडची तिकडे झालेली असतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, नाकाच्या आकारासारखी. त्यातलं कुठलं वाईट, हे ठरवायला निरोगी लोकांच्या मोठाल्या याद्या असतात. एखादा बदल यादीतल्या बऱ्याच निरोगी लोकांत दिसला तर तो निर्दोष. कुठंच दिसला नाही तर संशयित. पण या याद्यांत सगळ्यात जास्त माणसं युरोपातल्या वंशाची आहेत. आपल्याकडची फार थोडी, त्यातही मराठवाड्यातली किती असतील, देव जाणे. त्यामुळे आपल्याकडे घरोघरी असलेला साधा बदलही तिकडच्या यादीत दुर्मीळ दिसतो.

बालाजी रिपोर्टवरच्या त्या ओळीकडे बघत होता. तो म्हणाला, "म्हणजे पार्ट तपासायचं गेज दुसऱ्या ड्रॉइंगचं आहे आणि माप आपल्या पार्टचं घेतोय. पार्ट बरोबर असला तरी रिजेक्टच दाखवणार."

"तसंच काहीसं," मॅडम म्हणाल्या.

मला मात्र रडू फुटलं ते तिथं. दुःखानं नाही, जळफळाटानं. म्हणजे इथंही क्लाराच? तिची माणसं आधी मोजून ठेवलेली, म्हणून तिला उत्तर. आमची कुणी मोजलीच नाहीत, म्हणून आम्हाला "माहीत नाही". तिच्या गोऱ्या रंगाचा मला कधी हेवा वाटला नव्हता. तिच्या त्या यादीचा वाटला.

"आमच्या लोकांत हे जास्त असतं का?" मी डोळे पुसत विचारलं.

"असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही," मॅडम म्हणाल्या. "अशी मुलं सगळीकडे आहेत. कुठं ती ओळखली जातात आणि मोजली जातात. कुठं 'हळूहळू बोलेल' म्हणून घरात राहतात. एखाद्या समाजात हे जास्त आणि एखाद्यात कमी, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर आधी विचारा, मोजलं कुणाला?"

मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि आमची वंशावळ काढायला लागल्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. एका बाजूला माझं माहेर, दुसऱ्या बाजूला सासर. आत्याला राहवेना.

"मॅडम, हिच्या म्हायेरकडून आलंय ते," ती म्हणाली. "आमच्याकडं असलं कुणीच न्हाई. मी काय खोटं सांगलाले का?"

"बरं," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "आणि तुमचं माहेर कोणतं?"

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. सान्वी त्या सुरात गुणगुणत होती. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बालाजीकडे. आयुष्यात पहिल्यांदा तिला उत्तर सुचत नव्हतं. माझं माहेर तेच तिचं माहेर. तोच वाडवडिलांचा उंबरा, तेच आजोबा. वर्षभर ती फोनवरून ज्या घराला बोल लावत होती, त्या घराची थोरली लेक ती स्वतः होती.

मला हसू आलं. देवाशप्पथ, रडता रडता आलं. बालाजीनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

मॅडमनी माझ्या आणि बालाजीच्या मध्ये दुहेरी रेघ मारली. नात्यातलं लग्न असं दाखवतात म्हणे. मग चौकशी करून वर आणखी एक दुहेरी रेघ मारली, माझ्या आजी-आजोबांमध्ये. तेही मामाची मुलगी आणि आत्याचा मुलगा. दोन बाजू काढायला घेतलेला कागद शेवटी फिरून एकाच ठिकाणी येत होता.

"यात दोष कुणाचा नाही," मॅडम आत्याकडे बघून म्हणाल्या. "नात्यात लग्न झालं की दोन्हीकडून एकच बदल येण्याची शक्यता वाढते, एवढंच. पण आजी, तुम्ही मला मदत करू शकता. तुमचे आईवडील नात्यातले. कदाचित तुमच्यातही हा बदल असेल. रक्त द्याल?"

आत्यानं दंडावरची बाही वर सरकवली.

त्यानंतर आत्याचं फोनवरचं ते वाक्य बंद झालं. गावाकडचे फोन आले की ती "बरंय, बरंय" म्हणून ठेवायची. मला वाटायचं, आता जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. एकदा मी भाकरी थापत होते, ती मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पोरी, माझ्यातून आलं असंल तर तू मला घरातून काढशील का?" मी म्हटलं, "तुला काढलं तर बोलायचं कोण या घरात?" हसली नाही ती. मग मी परातीतलं पीठ तसंच ठेवलं, तिला खाली बसवलं आणि तिच्याजवळ बसले.

त्याच दरम्यान क्लारा निघाली. बाळंतपण तिकडंच करायचं होतं. जाताना तिनं सान्वीसाठी कानांवर घालायचे पिवळे हेडफोन दिले, गर्दीचा आवाज कमी करणारे. मी थँक्यू म्हटलं आणि घरी आल्यावर ते कपाटाच्या वरच्या फळीवर टाकले. डोळ्यासमोर नकोत म्हणून. नंतर एकदा सोसायटीत ढोलपथकाचा सराव सुरू झाला, सान्वी किंचाळत भिंतीला टेकली, तेव्हा ते शोधून काढले. आता ते घातल्याशिवाय ती लग्नाला येत नाही. चांगली वस्तू आहे, मानायला पाहिजे.

आत्याचा रिपोर्ट आला. मॅडमनी तिलाच समोर बसवलं.

"आजी, तुमच्या दोन्ही प्रतींत हाच बदल आहे. सान्वीसारखाच."

आत्या खुर्चीत पुढं सरकली. "म्हंजे माझ्यानंच झालं का वं, मॅडम?"

"उलट," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यात तो दोन्हीकडून आहे आणि तुम्ही या वयात ठणठणीत आहात. बोलण्याची अडचण तर..." त्या जराशा हसल्या. "तुमच्या भागातल्या आणखी काही निरोगी माणसांतही तो सापडलाय. म्हणजे हा तुमच्याकडचा साधा बदल आहे, सान्वीच्या ऑटिझमचं कारण नाही. आता आम्ही त्याला लाइकली बिनाइन म्हणू, म्हणजे बहुधा निरुपद्रवी. यादीतही तसं नोंदवू."

जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, तिच्यामुळे सुटलं हे कोडं. पण सुटलं म्हणजे काय? ज्या ओळीला मी इतके महिने घाबरत होते ती पुसली गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. क्लाराकडे नाव होतं, मी पुन्हा रिकाम्या हाती. मी तसं म्हणालेसुद्धा.

"बहुतेक मुलांत असं एक ठसठशीत कारण सापडतच नाही," मॅडम म्हणाल्या. "पुष्कळ लहानलहान गोष्टी मिळून हे घडतं."

"आणि दुसरं मूल?"

"पहिल्याला ऑटिझम असला की भावंडाची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त धरतात. शून्य असं मी सांगणार नाही. पण या बदलाची भीती घालून घेऊन थांबायचं कारण नाही. ठरवायचं तुम्ही."

घरी येताना बालाजी गाडी चालवत होता. डांगे चौकाच्या सिग्नलला म्हणाला, "सान्वीसारखीच दुसरी झाली तर?" मी म्हटलं, "तर ट्रेलर बघायला तिला सोबत होईल." सिग्नल सुटला तरी तो गाडी काढेना, मागच्यांनी हॉर्नचा सपाटा लावला. सान्वीनं पिवळे हेडफोन घट्ट दाबून धरले.

परवाचं सांगते आणि थांबते. मी आता पाचव्या महिन्यात आहे. चिंचवडच्या त्याच बाकावर आत्या आणि मी बसलो होतो. एक नवीन बाई आली, उदगीरकडची, आता भोसरीत राहणारी. मुलगा आत गेला तशी ती आत्याशी बोलायला लागली. आत्याशी सगळेच बोलतात.

"मावशी, याच्या रक्तात कायतरी बदल निघाला मनले. आमची तर झोपच उडाली," ती म्हणाली. "पण मॅडमनं बसल्या बसल्या सांगितलं, याला भिऊ नका. आपल्याच भागातल्या एका म्हातारीत हाच बदल हाय म्हणे दोन्हीकडून, अन् म्हातारी ठणठणीत हाय."

मी आत्याकडे पाहिलं. आता सुरू होणार, म्हटलं. वंशावळ, दुहेरी रेघ, दंडावरची सुई, सगळं. आत्यानं तोंड उघडलंही. मग मिटलं. पदर कानामागं सारला आणि सान्वीच्या बुटांकडे बघत एवढंच म्हणाली, "असंल बाई. असत्यात अशा म्हाताऱ्या."

मला त्या बाईचा हेवा वाटला. आमची इतकी रडारड झाली जे वाक्य मिळवायला, ते हिला खुर्ची गरम व्हायच्या आत मिळालं होतं. आपल्या घरचं विरजण शेजारी द्यावं आणि तिचं दही आपल्यापेक्षा घट्ट लागावं, तसं झालं. चिडायला होतं, पण विरजण आपलं असतं.

मग तिची नजर माझ्या पोटावर गेली आणि तिथंच राहिली. ती नजर मी ओळखते. बोलता बोलता ती उठली आणि चपलांच्या रॅककडे जायला निघाली.

मी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"ये, बस इथं," मी म्हणाले. "काय विचारायचंय ते विचार."